जिथे बाबांना कोणी ओळखत नाही

सोमवार, ४ मार्च

खारू,

शनिवारी दुपारी मी एकटाच बाहेर जेवलो. त्या जेवणाचा खरा खर्च आधी सांगतो. बाहेर पाटीवर खडूने लिहिलं होतं, तीन पदार्थ, एकच दर. तुझं जेवण आणि आईच्या जेवणाचा अर्धा वाटा धरून तो दर दीडपट केला तरी तू लिहून दिलेल्या आकड्यात बसत होता. मी खूश होऊन आत गेलो. बसल्याबसल्या पाणी आलं, मागितलं नव्हतं तरी बाटली उघडूनच आणली. बाटलीचे वेगळे. मग एकाने हसत हसत पावाची टोपली ठेवली. हसू फुकट, पाव वेगळा. कोंबडीऐवजी बदक घेतलं तर वर थोडे, शेवटी चीज घेतलं तर आणखी थोडे, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात सेवेचे. उठलो तेव्हा पाटीवरच्या दराच्या वर सत्तर टक्के गेले होते. शिवाय एक टाय. आत जायच्या आधी चौकात मुद्दाम विकत घेतला आणि पहिल्याच चमच्याला कांद्याच्या सुपात बुडवला.

तेव्हा ते हॉटेल बाद.

तुझी चिठ्ठी मिळाली. अडीच वर्षांनी चार ओळी! मी दुकानात उभ्याउभ्या वाचली, मग बसून वाचली. तुझ्या अटी मला पाठ आहेत: आईच्या साठाव्या वाढदिवसाला तू येशील, बिल तुझं-माझं अर्धं अर्धं, आणि तुझा अर्धा त्या आकड्याच्या वर जाता कामा नये. जागा अशी की जिथे मला कोणी ओळखत नाही. आणि फोन करायचा नाही, पत्र लिहायचं. 'फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही.' बरं बाई. हे बघ, लिहितोय.

त्यात आईची इच्छा फ्रेंच हॉटेलची. तेही नव्या पद्धतीचं, तिच्या मासिकात फोटो असतात तसलं. तिला भेट नको, साडी नको. म्हणते, "मला एकदा खरा मेन्यू वाचून मोठ्याने मागवायचंय, आणि समोरच्याला ते कळलं पाहिजे." एकोणीस वर्षं ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅसेट लावून ती भाषा शिकते आहे. तू खांद्यावर फडकं टाकून वेटर व्हायचीस आणि ती तुझ्याकडे मासा मागायची, आठवतं? तू दर वेळी म्हणायचीस, "मासा संपला, मॅडम." तिला त्या देशात न्यायचं माझं दर वर्षी ठरायचं. पण सुट्ट्या पडतात उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात गावभरचे फ्रीज बंद पडतात.

बाकी सगळं जमवीन, पण ती ओळखीची अट तू फार अवघड घातली आहेस. बर्फाच्या लाद्या हातगाडीवरून ओढत मी या फ्रीजदुरुस्तीच्या धंद्यात शिरलो, त्याला आता बेचाळीस वर्षं झाली. या शहरात असं एक स्वयंपाकघर दाखव जिथे मला ओळखत नाहीत! लोक माणसं चेहऱ्यावरून ओळखतात, मी मशिनं आवाजावरून ओळखतो, आणि ज्याची मशिनं मी ओळखतो तो मला ओळखतो. तरी शोधतो.

तुझा बाबा


गुरुवार, १४ मार्च

खारू,

तुझ्या अटीपायी मी एक चांगलं हॉटेल घालवलं. ऐक.

आधी मी घरबसल्या शोधायला गेलो. आपलं कामाचं रजिस्टर काढलं, म्हटलं यात जी नाहीत तीच बघू. पण त्याचा काही उपयोग नाही. तू लहानपणी त्यात चित्रं काढायचीस म्हणून तुला माहीतच आहे, आम्ही त्यात हॉटेलांची नावं लिहीत नाही. नावं दर दोन वर्षांनी बदलतात, मालक बदलतात. मागची दारं तिथेच असतात. म्हणून मागची गल्ली, दाराचा नंबर, दाराचा रंग, एवढंच. आमचा लांब्या मेकॅनिक तर म्हणतो, "साहेब, मला समोरून एकही हॉटेल ओळखता येणार नाही." तो उंचीमुळे प्रत्येक मागच्या दाराला डोकं आपटतो, त्याला दारं कपाळावरून आठवतात.

मग मंगळवारी पुलापलीकडे नवीनच उघडलेल्या जागेत गेलो. इतकं नवीन, की रंगाचा वास अजून गेला नव्हता. ताटल्या मोटारीच्या चाकाएवढ्या, आणि मधोमध कोणीतरी विसरून गेल्यासारखा पदार्थ. बीटाचे तीन काप, त्यावर एक पान. पण एक काप खाल्ला आणि काटा खाली ठेवला. बीट असं लागतं हे साठी उलटल्यावर कळावं! पाणी जगमधलं, फुकट. पाव हवा तितका. ठरलेला दर म्हणजे ठरलेला दर. मी मनात तुला लिहायला सुरुवातसुद्धा केली.

आणि तेवढ्यात ऐकलं. बारमागे बाटल्यांचा फ्रीज. चालू होतो, धापा टाकतो, दीड मिनिटात बंद. पुन्हा चालू. मागची जाळी धुळीने गच्च भरलेली असणार, बांधकामाची धूळ. त्याने महिनाभर असंच रेटलं असतं तर कॉम्प्रेसर बसलाच असता. मी मासा खाल्ला. मी स्वतःला सांगितलं, तू गिऱ्हाईक आहेस, गिऱ्हाइकासारखा बस. चॉकलेटचं काहीतरी आलं, तेही खाल्लं. मग उठलो आणि त्या पोरीला म्हटलं, "एक ब्रश आणि टॉर्च मिळेल का?"

वीस मिनिटांत फ्रीज मांजरासारखा गुरगुरायला लागला. मालकीणबाई धावत बाहेर आल्या. बिल घेईनात. "काका, पुढच्या वेळी सगळ्यांना घेऊन या, तुमचं आम्ही बघतो." मी पैसे टेबलावर ठेवून पळालो, पण आता काय उपयोग? अर्ध्या तासात ओळख झाली, आणि तीसुद्धा तू म्हणतेस तसली, फुकटाच्या वाटेची.

घरी तुझ्या आईने बाहीवरची धूळ बघितली. "तुम्ही जेवायला गेला होतात की खड्डा खणायला?" मग मला सगळं सांगावं लागलं, तुझ्या अटींसकट. ती ऐकता ऐकता भाजी चिरत राहिली. मग म्हणाली, "ओळखत नाहीत अशी जागा शोधायची काही गरज नाही हो. तुम्ही दोन तास गप्प बसून दाखवा, कुठलीही जागा चालेल."

मला ते लागलं. मी काय वाईट करतो? कोणाचं अडलं तर हात लावतो. तुझ्या त्या लॅबच्या बाबतीतही मी दुसरं काय केलं होतं? मोठ्या डॉक्टरांकडे एक शब्द टाकला. त्यांनी तो तीन वर्षांनी, तुझ्या बढतीच्या दिवशी, चार लोकांत बोलून दाखवला, 'हिच्या वडिलांनी सांगितलं म्हणून घेतली,' आणि तू दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन गाव सोडलंस. शब्द टाकणं हा काही गुन्हा नाही. असो. तो विषय नको.

तुझा बाबा


शनिवार, ३० मार्च

खारू,

मिळालं.

जुन्या बाजारामागच्या रस्त्यावर, पुस्तकं बांधणाऱ्याचं दुकान आणि एक घड्याळजी यांच्या मधोमध. इतकं अरुंद की दोनदा समोरून गेलो तरी दिसलं नाही. टेबलं चौदा. मालक स्वतः वाढतो, पन्नाशीचा, एप्रन पार घोट्यापर्यंत. त्याची बायको आत रांधते, ती बाहेर येत नाही. पडदे नाहीत, मेणबत्त्या नाहीत, मागे कोणी गाणं म्हणत नाही. मेन्यू फ्रेंचमधे, खाली आपल्या भाषेत बारीक अक्षरात. आई वरचं वाचेल, मी खालचं.

आता मी शहाणा झालोय. बसण्याआधीच मालकाला विचारलं, "हे बघा, पाणी, पाव, कॉफी, सेवा, हसणं, सगळं धरून दाराबाहेर पडताना माझ्या खिशातून किती जाणार?" तो आधी बघतच राहिला, मग हसला आणि कागदावर लिहून दिलं. कागद सोबत जोडला आहे. संध्याकाळी सातच्या आत आलात आणि मंगळवार ते गुरुवार असेल तर हा दर. वाढदिवस २३ एप्रिलला, मंगळवारच आहे. तिघांचं मिळून जे होतं त्याचा अर्धा तुझ्या आकड्याच्या आत येतो आणि परतीच्या गाडीचं तिकीट निघेल एवढं वर राहतं. हे मी स्वस्तात उरकतोय असं समजू नकोस. मी तिथे जेवलो. लीक म्हणून कांद्यासारखी एक साधी पात, वर मोहरीचं आंबटसर काहीतरी. मी पावाने ताटली पुसली. मालकाने ते बघितलं आणि न विचारता आणखी पाव आणला.

त्याने मला ओळखलं नाही. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. नावानेही कळणार नाही, टेबल आईच्या माहेरच्या नावाने सांगितलं आहे.

एक गोष्ट कबूल करतो. भिंतीपलीकडे त्यांच्या कोल्डरूमचा पंखा रडत होता. बारीक, वरच्या पट्टीत. ओळखीचा वाटला क्षणभर, पण म्हातारे पंखे सगळे एकाच सुरात रडतात. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. अक्षरशः, खारू. मालकाला वाटलं मला थंडी वाजते, त्याने खिडकी लावली. पण मी ब्रश मागितला नाही, टॉर्च मागितला नाही. तुझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "एकदा गप्प बसलात त्याचं पत्र लिहा आता." लिहिलंच आहे.

येशील ना? त्याला दोन दिवस आधी नक्की सांगायचंय, दोन का तीन. तो म्हणतो दोघांचं टेबल खिडकीशी, तिघांचं आत.

तुझा बाबा


सोमवार, ८ एप्रिल

खारू,

तुझं कार्ड आलं. मला वाटलं होतं 'येते' असेल. त्यावर एकच प्रश्न. 'शब्दच टाकला होतात ना?'

कार्ड आलं गुरुवारी. आज सोमवार. मधल्या चार दिवसांत मी एक मोठा कॉम्प्रेसर उघडून पुन्हा बसवला, त्याला काही झालेलं नव्हतं.

शब्द नव्हता.

मी त्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत उभा होतो. त्यांची कोल्डरूम नुकतीच दुरुस्त केली होती, हात अजून काळे होते. मी म्हटलं, माझी मुलगी तुमच्याकडे मुलाखतीला येऊन गेली आहे. ते म्हणाले, "हो का? कशी आहे मुलगी?" खारू, मला त्यांनी साधा प्रश्न विचारला होता. मी म्हणू शकलो असतो की ती सातव्या वर्षी माझ्या रजिस्टरमधल्या बेरजा तपासायची. की तिच्या हातून कधी काचेची नळी फुटलेली नाही. की ती रात्रपाळी करून आली तरी आईच्या टेबलाशी वेटर होऊन उभी राहायची. मी यातलं काही बोललो नाही. मी म्हटलं, "वर्षभर तुम्हाला माझं बिल येणार नाही."

आणि आलं नाही. वर एक नवीन पंखाही बसवून दिला.

हे तू मला तुझ्या बढतीच्या संध्याकाळी विचारलंस तेव्हा मी 'शब्दच' म्हणालो. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी फ्रीजकडे बघत होतो.

एवढंच असतं तर हे मी आधीच लिहिलं असतं. पुढचं जास्त वाईट आहे. तू गाव सोडून गेल्यावर मी तणतणत त्यांच्याकडे गेलो होतो. म्हटलं, तुम्ही चारचौघांत असं कसं बोललात? ते हसले. म्हणाले, "अहो, तिला घेण्याचं आदल्या दिवशीच ठरलं होतं. परीक्षेत पहिली आली होती ती. तुम्ही वर्षभर फुकट म्हणालात, तर मी कशाला नको म्हणू?" पार्टीतलं ते बोलणं त्यांच्या दृष्टीने गंमत होती.

तेव्हा ती नोकरी तुझीच होती. माझ्या त्या वर्षभराचा तिच्याशी काही संबंध नव्हता. हे मला अडीच वर्षं माहीत आहे. तुला कळवलं नाही, कारण मग मी मूर्ख ठरलो असतो. तुझ्यापुढे थोडा वाईट ठरलेलं मला चाललं. मूर्ख ठरलेलं चालेना.

आईला हे आत्ता, पत्र पाकिटात घालण्याआधी, वाचून दाखवलं. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाली, "तिकीट लावा आणि टाकून या. आधी जेवायला बसू नका."

मी हॉटेलच्या मालकाला दोन का तीन हे अजून सांगितलेलं नाही.

बाबा


शनिवार, ४ मे

खारू,

तू गाडीत बसताना म्हणालीस, आता फोन केला तरी चालेल, पण आधी मोजून दहा सेकंद गप्प राहायचं. करीन. हे मात्र पत्रातच लिहायचं आहे. कारण फोनवर मी ते मधेच विनोद करून उडवून लावीन.

त्याआधी त्या संध्याकाळबद्दल. तू आईच्या शेजारी बसली होतीस म्हणून तुला तिचे कान दिसले नसतील. मेन्यू हातात घेतला तेव्हा ते लालबुंद झाले होते. मालक वही घेऊन उभा राहिला. ती सूप बोलली, बदक बोलली, मग तिने मान वर केली आणि मासा मागितला. तुझे ओठ हलत होते, मी बघितलं. त्या माणसाने जराही न हसता त्याच भाषेत उत्तर दिलं, आणि तुम्ही दोघी एकदम फुटलात. बिचारा घाबरला. आईने नंतर मला सांगितलं त्याने काय म्हटलं होतं. म्हटलं होतं की मासा संपला.

आणि मग तो पंखा. तू काटा हातात धरून थांबलीस. लहानपणी दुकानात थांबायचीस तशीच, मान किंचित डावीकडे.

"बाबा, बेअरिंग?"

"असेल."

"सांगणार नाही त्यांना?"

"मी गिऱ्हाईक आहे."

तू पोटभर हसलीस. आई म्हणाली, "त्यांचे हात कुठे आहेत बघ जरा." तू टेबलाखाली वाकून बघितलंस. बिल आलं तेव्हा वरचं एक सुटं नाणं कोणाचं यावर आपण भांडलो, तेही बरं वाटलं मला. लॅबबद्दल तू एवढंच म्हणालीस, "पहिली आले होते, हे मला आधी कळायला हवं होतं." मी हो म्हटलं.

आता ते, ज्याच्यासाठी पत्र.

गेल्या मंगळवारी लांब्या रजिस्टर घेऊन आला. "साहेब, जुना बाजार, मागची गल्ली, चार नंबर, हिरवं लोखंडी दार. पंखा रडतो म्हणतात. कपाळाला टेंगूळ आलंय, तुम्ही याल का?" गेलो. निळा डगला, हातात पेटी. हिरवं दार उघडलं तर आत एक बाई कांदे परतत होत्या. म्हणाल्या, "या मिस्त्री, तीन वर्षांनी स्वतः आलात." शिडी लावून वर चढलो. भिंतीत पदार्थ बाहेर द्यायची खिडकी आहे, त्यातून सहज समोर बघितलं. आपलं टेबल. आतलं, तिघांचं.

खारू, ते आपलंच गिऱ्हाईक निघालं, सहा वर्षांचं. रजिस्टरमधे बघितलं, चार वेळा मी स्वतः गेलेलो आहे. तो रडणारा पंखा मीच बसवलेला, खाली माझी खूण आहे. समोरच्या दाराने मी जन्मात गेलो नव्हतो, म्हणून मला कळलं नाही. पण तुझी अट होती ती होती, आणि ती मोडली हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. तुला पुन्हा रागवायचं असेल तर रागव. मुद्दाम नव्हतं, एवढंच सांगतो.

बिलात मात्र एका नाण्याचीही सूट मिळाली नाही, हे तू पाहिलंसच. आता त्याचं कारणही सांगतो. मी शिडीवर होतो तेव्हा मालक आत आला. त्या दिवशी तीन वेळा माझा ग्लास भरणारा, मला थंडी वाजते म्हणून खिडकी लावणारा, तोच. माझ्याकडे बघून म्हणाला, "मिस्त्री, पाय पुसून आलात ना?"

मग बायकोकडे वळला. "अगं, मागच्या आठवड्यातल्या त्या बाई आठवतात ना, मी तुला सांगितलं? काय गोड फ्रेंच बोलत होत्या! आज त्यांनी धन्यवादाचं कार्ड पाठवलंय, चुकीशिवाय."

"कोण, त्या मुलीबरोबर आलेल्या?"

"त्याच. दोघीच होत्या." तो जरा थांबला. "नाही, तिसरं कोणीतरी होतं वाटतं. आठवत नाही."

तुझा बाबा